मामीच्या गाडीची नाडी

माझा मामा माणसाची पारख टायरवरून करतो. हे मी थट्टेने म्हणत नाही, मला त्याचा त्रास झालेला आहे. मी ज्याच्याशी लग्न करायचं म्हणत होते तो मुलगा पहिल्यांदा आमच्याकडे आला, तेव्हा सगळे त्याच्याशी बोलत बसले आणि मामा गुपचूप खाली जाऊन त्याची गाडी बघून आला. वर येऊन मला स्वयंपाकघरात ओढत म्हणाला, "पुढचा डावा टायर आतल्या बाजूने खाल्लाय. अलाइनमेंट नाही. हा माणूस आयुष्यभर एका बाजूला ओढत राहणार, बघ." मी चिडले, मामाशी दोन महिने बोलले नाही आणि त्याच मुलाशी लग्न केलं. तो एका बाजूला ओढतो. पण हे मामाला सांगायची माझी अजून तयारी नाही.

चौकाच्या कोपऱ्यावर मामाचं टायरचं दुकान आहे. बाहेर एकावर एक रचलेले टायर, आत रबराचा काळाकुट्ट वास, आणि भिंतीशी एक कॉम्प्रेसर, जो मधूनच दचकून जागा होतो आणि नव्या गिऱ्हाइकाला अर्धमेला करतो. मामाला सगळे हवामामा म्हणतात. त्याची ख्याती अशी, की अंगठ्याने टायर दाबून तो आतल्या हवेचा आकडा सांगतो. आकडा बहुतेक वेळा बरोबर येतो. चुकला तर मामा म्हणतो, यंत्र चुकलं.

या अंगठ्याला सुट्टी नसते, हीच पंचाईत आहे. कुणाच्या घरी गेला की सोफ्याची उशी दाबून हळूच "बारा" म्हणतो. बाजारात टरबूज दाबतो. माझ्या मुलाचा चेंडू दाबतो. एकदा माझ्या सासूबाई आजारी असताना त्यांना हवेची गादी आणली होती. मामा भेटायला आला, तब्येत कशी आहे हे विचारायच्या आधी गादी दाबली आणि म्हणाला, "कमी आहे." सासूबाईंना वाटलं, त्यांचं आयुष्य.

मामी अगदी वेगळ्या मुशीतली. ती मोठ्या हॉस्पिटलात अतिदक्षता विभागात नर्स होती. सगळी नोकरी दिवे आणि बीप यांच्यात गेली. तिचा एकच नियम होता, दिवा लागला की उठायचं. का लागला, खरंच लागला का, जरा वेळाने बघितलं तर चालेल का, असले प्रश्न नंतर. आधी उठायचं. घरीही तेच. फ्रिजचं दार उघडं राहून बीप झाला, की जेवता जेवता उठणार. शेजाऱ्यांचा मायक्रोवेव्ह वाजला तरी मामी अर्धी खुर्चीतून वर येते आणि मग स्वतःवरच वैतागून खाली बसते.

मामाचं मत याच्या बरोबर उलटं. "दिव्याला काय कळतंय? हात लावून बघ."

असे हे दोघं इतकी वर्षं एका घरात सुखाने कसे राहिले, असं मला कुणी विचारलं तर मी स्कूटरचं नाव घेईन. मामी स्कूटरने ड्यूटीवर जायची. रोज सकाळी ती पर्स शोधत असताना मामा खाली उकिडवा बसून दोन्ही चाकांची हवा मोजायचा. मामी यायची, हेल्मेट घालायची आणि विचारायची, "किती?"

"पुढे बावीस, मागे एकोणतीस."

"बरं."

आणि जायची. संपला संवाद. मी लहानपणी सुट्टीत त्यांच्याकडे राहायला जायचे तेव्हा मला वाटायचं, हे काय बोलणं झालं? पण एखाद्या दिवशी मामा तापाने पडलेला असला, तरी अंगावर चादर घेऊन खाली उतरायचा. आणि मामीला कितीही उशीर झालेला असला, तरी "किती" विचारल्याशिवाय ती किल्ली फिरवायची नाही. इतर नवरा-बायको सकाळी यापेक्षा जास्त बोलत असतील. माझ्या घरी तर फारच जास्त बोलतात, आणि त्यात कामाचं एक वाक्य नसतं.

मग मामी निवृत्त झाली. स्कूटर विकली, गाडी चालवायला शिकली आणि स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून एक छोटी निळी गाडी घेऊन आली. गाडीत समोर पडदा, आणि त्या पडद्यावर गाडीचं चित्र, चार कोपऱ्यांत चार आकडे. प्रत्येक चाकात किती हवा आहे ते बसल्या जागी दिसतं.

पहिल्या सकाळी मी तिथेच होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलं ते सांगते. मामा नेहमीप्रमाणे हवा मोजायचं मीटर घेऊन पुढच्या चाकापाशी बसला. मामी आत बसली, बटण दाबलं आणि खिडकीतून म्हणाली, "अहो, राहू द्या. इथे दिसतंय ना. पुढे तेहतीस, तेहतीस, मागे बत्तीस, तेहतीस."

मामा उठला. गुडघा कट्ट वाजला. मीटर हातात धरून तो गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिला. मी म्हटलं, "मामा, चल वर, चहा टाकते." तर म्हणाला, "मागचा डावा बत्तीस का?" एवढंच.

आता त्या सेन्सरविषयी दोन शब्द, कारण पुढचं सगळं महाभारत त्याच्यावरून आहे. हवा भरायचा जो वॉल्व्ह असतो, त्याच्या बुडाशी, चाकाच्या आतल्या बाजूला, बोटाच्या पेराएवढी एक डबी असते. ती आतली हवा मोजते आणि गाडीला बिनतारी कळवते. मामा तिला चुगलखोर म्हणतो. पण आवडत नसलं तरी काम त्याला चोख येतं. दुकानात कुणी चाकं बदलायला आलं, की मामा बजावून सांगतो, "चाक नवं घ्या, पण जुन्यातला चुगलखोर काढून नव्यात बसवायचा. तो जुन्या चाकात राहिला तर गाडी बोंबलत सुटते." हे मी त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की मला झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन.

गाडी घेतल्यावर महिन्याभराने मामीने जेवताना जाहीर केलं, "येत्या रविवारी मी हिच्याकडे जाणार." ही म्हणजे तिची हॉस्टेलची मैत्रीण. दोघी एका खोलीत राहून नर्सिंग शिकल्या. मैत्रीण आता डोंगरातल्या एका गावात राहते, गाडीने चारेक तास. "कधी येतेस" असं ती इतकी वर्षं विचारत होती आणि मामी "येते, येते" म्हणत होती.

"गाडीने?" मामाने विचारलं.

"मग काय पोहत?"

"एकटी?"

"एकटीच. तुम्ही थोडेच येणार आहात?"

मामाच्या दुकानाला सुट्टी नावाची गोष्ट ठाऊक नव्हती. पंक्चर काही वार बघून होत नाही, असं तो म्हणायचा, आणि त्यामुळे माझ्या लग्नातसुद्धा मध्येच उठून एकाचं चाक बदलून आला होता. त्याने समोरचा पाव उचलला, दाबला आणि परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी मामाने मामीला भेट दिली. गाडीची मूळची चाकं त्याला पहिल्या दिवसापासून खुपत होती. साधं लोखंडी चाक आणि वर प्लॅस्टिकची चकती. "टोपी घातलेलं चाक" म्हणून तो नाक मुरडायचा. त्याने गाडी दुकानात नेली आणि चारही चाकं टायरसकट काढून नवीन चकाकती अलॉयची चाकं आणि नवे टायर बसवले. गाडी अशी दिसायला लागली, की मामीने तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या फेरीत मामाच्या पाठीवर थाप मारली. आमच्या घरात यापेक्षा जास्त प्रेम कुणी कुणाला उघड्यावर दाखवलेलं नाही.

सकाळी मामीचा मला फोन. "गाडी आजारी आहे."

मी गेले. पडद्यावर चार आकड्यांच्या जागी चार रेघा. खाली पिवळा दिवा, मध्ये उद्गारचिन्ह. मामी ड्रायव्हरच्या सीटवर ताठ बसून त्या दिव्याकडे बघत होती. इंजिन बंद करायलाही ती तयार नव्हती, कारण मग दिवा दिसणार नाही आणि लक्ष कसं ठेवायचं.

मामाने आत डोकावून पाहिलं. "हां. सेन्सर जुन्या चाकांत राहिले वाटतं."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. पोळी लाटायला बसलेल्या बाईने पीठ मळायला विसरावं, तसं होतं हे.

"मग बसवून टाका," मामी म्हणाली.

"बसवतो की. दुकानात गर्दी आहे. तोवर हातानेच मोजू." आणि खिशातून मीटर काढलं. मीटर खिशात तयारच होतं, हे मला नंतर आठवलं.

मंगळवार गेला, बुधवार गेला. दुकानात गर्दी होतीच. मामा रोज सकाळी खाली उकिडवा बसायचा, मामी विचारायची, "किती?" आणि मामा चारही आकडे खणखणीत आवाजात सांगायचा. पिवळ्या दिव्याच्या धास्तीने मामी संध्याकाळीही विचारायची. मामाचा चेहरा असा खुलला होता, की दुकानातले लोक त्याला विचारत होते, तब्येत सुधारली का. तो आंघोळ करताना गुणगुणायला लागला. मला वाटलं, वय झालं, विसरभोळा झाला आणि त्यातच आनंद मानतोय बिचारा.

शुक्रवारी मामीने हात टेकले. "असल्या दिव्यावर मी डोंगर चढणार नाही. उद्या सकाळी मी गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये घेऊन जाते."

मामाच्या तोंडचं पाणी पळालं. हवामामाची बायको हवेसाठी परक्याच्या दारात! त्याने शब्द दिला, उद्या दुपारपर्यंत दिवा बंद.

आणि शनिवारी दुपारी मला दुकानात बोलावणं आलं. "जरा ये, दोन हात कमी पडतायत."

मी गेले तर काय! मामाने जुन्या चाकांतून चारही सेन्सर काढले होते. नव्या चाकांत बसवले होते का? छे. समोर टेबलावर नळाचा एक जाडजूड प्लॅस्टिकचा पाइप होता, हातभर लांब. एक तोंड झाकण चिकटवून बंद केलेलं, दुसऱ्या तोंडाच्या झाकणाला हवा भरायचा वॉल्व्ह. मामाने चारही सेन्सर त्या पाइपात सोडले, जसे गोळ्या बाटलीत सोडतात तसे.

"धर घट्ट. हे चिकटेपर्यंत सोडायचं नाही."

मी धरलं. मामाने आत हवा भरली, तेहतीस. "झालं. आता हा पाइप डिकीत, स्पेअर चाकाच्या खाली. चुगलखोरांना वाटणार आपण चाकात आहोत. गाडीला वाटणार चाकं मजेत आहेत. दिवा बंद."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मामा, एवढ्या खटाटोपात चारही चाकांत बसवून झाले असते! तू डोक्यावर पडलायस का?"

"तुला नाही कळायचं."

"आणि खऱ्या चाकांतली हवा कोण बघणार?"

"मी बघीन की," मामा म्हणाला. हे म्हणताना त्याचा चेहरा इतका समाधानी होता, की मी भांडायची थांबले. शपथ घालून त्याने मला गप्प केलं. वर हे सांगायला विसरला नाही, की झाकण वाकडं चिकटलंय आणि ते माझ्यामुळे.

दिवा खरंच बंद झाला. पडद्यावर चार आकडे आले. मामी हरखली. मग तिने डोळे बारीक केले.

"चारही तेहतीस?"

"नवी चाकं आहेत," मामा म्हणाला. "शिस्त आहे त्यांना."

"हं," मामी म्हणाली. ही "हं" ती डॉक्टरांना म्हणायची, असं तिच्या बरोबरीच्या नर्सेस सांगतात. डॉक्टर ती ऐकून औषध बदलायचे.

रात्री मामाने बॉम्ब टाकला. "उद्या मी पण येतो म्हणतो."

मामी हातातल्या कपड्याची घडी घालायची थांबली. "दुकान?"

"बघू."

आता मामा का येतोय हे मला कळत होतं. पडद्यावरचा आकडा खोटा, त्याच्या जिवावर बायकोला एकटीला डोंगरात कशी सोडणार? मीही म्हटलं, मी येते. दोघांना त्या पाइपाच्या हवाली करून घरी बसायचा मला धीर नव्हता.

निघालो. मामी गाडी अशी चालवते, जसं ऑपरेशन चालू आहे. पाठ ताठ, हात दहा वाजून दहा मिनिटांवर, आणि प्रत्येक गोष्ट मोठ्याने सांगून करणार. "आरसा बघितला. इंडिकेटर दिला. वळते." मामा शेजारी बसून खिडकीला कान लावून रस्त्याचा आवाज ऐकत होता. मी मागे, माझ्या पाठीमागे डिकी, डिकीत पाप.

मामाने तासाभराच्या अंतराने चहाला थांबवलं. दरवेळी तो उतरायचा, "कंबर मोकळी करतो" म्हणायचा आणि गाडीला वळसा घालताना प्रत्येक चाकापाशी खाली वाकायचा. मीटर शर्टाच्या बाहीत. तिसऱ्या चहाला मामी कप तोंडाशी धरून म्हणाली, "यांची कंबर चाकापाशीच का मोकळी होते गं?"

"वय," मी म्हटलं आणि चहात तोंड घातलं.

"आणखी एक. आपण इतकं अंतर आलो, ऊन तापलंय. रबर गरम होतं, हवा वाढते, हे यांनीच मला शिकवलंय. आणि तो आकडा बघ. चारही अजून तेहतीस. चार भावंडांना एकाच वेळी भूक लागते का कधी? जिवंत माणसाचा आकडा हलतो. हलत नाही, तेव्हा मी आधी पेशंटकडे बघायचे, मग मशीनकडे."

मामा तिकडे मागच्या उजव्या चाकाशी कंबर मोकळी करत होता.

मग घाट लागला. वळणं, चढ, वर ऊन. आणि डिकीत तापलेला पाइप, ज्याचं झाकण माझ्यामुळे वाकडं चिकटलं होतं.

पडद्यावर आकडा हलला. एकतीस. चारही. मग अठ्ठावीस. पिवळा दिवा लागला, गाडी किंचाळली. पंचवीस. एकवीस.

"सगळ्यांनी शांत राहायचं," मामी म्हणाली. आवाज इतका थंड, की मला एकदम दवाखान्याचा वास आला. "चारही एकदम चाललेत."

"चालू दे गं, काही होत नाही," मामाच्या तोंडून निघून गेलं.

"काही होत नाही? सतरावर आलीत! हवा बघणारे तुम्ही, आणि काही होत नाही?"

मामाच्या कपाळावर घाम आला होता. बायको भर घाटात चार चाकं मरताना बघतेय, आणि हा मूग गिळून बसलाय. खरं सांगितलं तर पकडला जातो, नाही सांगितलं तर ती घाबरते. शेवटी तो एवढंच म्हणाला, "बाजूला घे. सावकाश. ब्रेक जोरात नको."

मामीने आरसा बघितला, इंडिकेटर दिला, गाडी कडेच्या मोकळ्या जागेत घेतली. पडद्यावर नऊ, नऊ, नऊ, नऊ. उतरली. डिकीतून लाल त्रिकोण काढून मागे रस्त्यावर ठेवला. पर्समधून हातमोजे काढले. ही बाई मैत्रिणीकडे जाताना पर्समध्ये हातमोजे घेऊन निघाली होती. मग पुढच्या चाकापाशी खाली बसली आणि अंगठ्याने टायर दाबला. अगदी मामासारखा. दुसरा. तिसरा. चौथा.

उभी राहिली. "पेशंट ठणठणीत आहेत. मॉनिटर म्हणतोय चौघेही गेले." तिने गाडीकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे वायर भलत्याच कुणालातरी लावलीय."

माझ्यावर नजर जरा जास्त वेळ थांबली. मी लगेच शरण गेले. "डिकीत. स्पेअरच्या खाली."

बॅगा निघाल्या. मॅट निघाली. स्पेअर चाक निघालं. खाली टॉवेलात गुंडाळलेला पाइप होता, आणि तो अजून शेवटचं फुसफुसत होता. मामीने तो तान्ह्या मुलासारखा दोन्ही हातांवर उचलला आणि कानाशी धरला. आत चार सेन्सर खडखडले.

"वाकडं झाकण हिने लावलंय," मामा म्हणाला.

मी काय बोलणार होते ते लिहिण्यासारखं नाही. पण मामीनेच हात वर केला आणि मला थांबवलं. तिने पाइप बॉनेटवर ठेवला.

"इतक्या वर्षांत किती लोकांची चाकं बदललीत. एकाच्या तरी जुन्या चाकात सेन्सर राहिला?"

मामा पायाने खडी सरकवत राहिला. "नाही."

"मग माझ्याच गाडीचे कसे राहिले?"

एक ट्रक वर चढत गेला. मामा चाकाशी बोलल्यासारखा म्हणाला, "तू विचारत होतीस ना. रोज. किती म्हणून. मग गाडी आली आणि विचारायची थांबलीस. मला वाटलं, चार दिवस विचारशील. मग तू वर्कशॉपचं काढलंस, म्हणून पाइप. दिवा बंद, पण आकडा खोटा, म्हणजे मला तुझ्याबरोबर यावंच लागेल. नाहीतर तू एकटी जाणार होतीस."

मामी ओरडेल असं मला वाटलं, आणि ती ओरडलीच.

"एकटी का जाणार होते? कितीदा म्हटलं, चला, जाऊन येऊ! दर वेळी दुकान! पंक्चर वार बघून होत नाही! म्हणायचं सोडून दिलं मी. मला काय हौस आहे एकटीने घाट चढायची? माझे पाय लटपटतायत सकाळपासून!" आणि तिचे डोळे भरून आले, त्याचा तिला आणखी राग आला, आणि तिने हातमोज्यांनीच डोळे पुसले. "येतो म्हणून सांगायला तोंड नव्हतं? पाइप कसला बनवता!"

"चुकलं," मामा म्हणाला. मी जन्मात त्याच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकला. एरवी यंत्र चुकतं.

मी स्पेअर, मॅट, बॅगा परत आत भरल्या. मामीने त्रिकोण उचलला, त्याची घडी घातली आणि पाइपासकट डिकीत टाकला. आत जाऊन बसली, बटण दाबलं. पिवळा दिवा लख्ख जळत होता. चार शून्यं. मी मनात म्हटलं, आता परत. दिवा लागलेला असताना ही बाई गाडी पुढे नेणं शक्य नाही. हॉस्पिटलात तिने एका दिव्याकडे कधी कानाडोळा केला नव्हता.

तिने खिडकीची काच खाली केली. समोर बघतच विचारलं, "किती?"

मामाला आधी कळलंच नाही. मग तो बाहीतून मीटर काढून खाली बसला. पुढचा डावा, पुढचा उजवा. मागे गेला, परत आला, मागचा डावा दोनदा मोजला. गुडघे कट्ट कट्ट वाजले.

"पुढे दोन्ही पस्तीस. मागे चौतीस, चौतीस. गरम आहेत म्हणून. उत्तम आहेत."

"बरं," मामी म्हणाली. आरसा बघितला, इंडिकेटर दिला आणि पिवळा दिवा तसाच जळत ठेवून गाडी वर काढली.

मैत्रिणीच्या दारात पोचलो तेव्हा दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत-हसत होत्या, आणि मामा मैत्रिणीच्या गाडीच्या मागच्या टायरवर अंगठा ठेवून मला खुणावत होता, "अठरा! फक्त अठरा! बघ ही माणसं कशी जगतात!"

सोमवारी मामाने चारही सेन्सर नव्या चाकांत बसवले. दुकानाबाहेर पाटी लागली, "रविवारी बंद. हवा शनिवारी भरून घ्या." पडद्यावर आता खरे आकडे येतात, निरनिराळे, हलते. पण मामीने त्यांच्यावर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावली आहे. मॉनिटर कितीही चांगला असला तरी नर्सने नाडी आधी हाताने बघायची असते, असं ती म्हणते. रोज सकाळी मामा खाली बसून आकडे सांगतो, मामी "बरं" म्हणते, मग पट्टीचं टोक उचलून आत बघते. कधीकधी आकडा जुळत नाही. अशा वेळी ती पट्टी पुन्हा दाबून चिकटवते आणि म्हणते, "मशीनला चष्मा लागलाय."